काळी एकमधली ताई

मास्तरांनी लिहून दिलेले कागद मेव्हण्यानं वरपासून खालपर्यंत पाहिले आणि चेलोचा गज खाली ठेवला.

"दाजी, माझ्याशी काही जुनं वैर आहे का?"

"का रे?"

"काळी एकची पट्टी धरलीत. चारांतल्या तीन मोकळ्या तारा बाद, सगळं बोटं दाबून काढायचं. अर्धाच सूर वर, पांढरी दोनमध्ये लिहिलं असतंत तर हात मोडला असता?"

"तुझी ताई काळी एकमध्ये गायली. कॅसेट आहे."

विषय संपला. मास्तर पियानो शिकवत, बायको गात असे. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचं लाडकं गाणं एका फ्रेंच ऑपेरातलं. त्यात नायिका खिडकीत उभी राहून प्रियकराला विनवते, जरा थांब, एवढ्यात निघू नकोस. शनिवारी हॉलमध्ये तिच्या आठवणीचा कार्यक्रम होता आणि मास्तरांना ते गाणं तिथं हवं होतं. गळ्याचं काम चेलो करणार, अख्ख्या ऑर्केस्ट्राची हमाली पियानो. छापील प्रत दुकानात मिळत होती, पण मास्तरांना हवी होती ती तिनं गायलेली चाल. ती जिथं श्वास घ्यायची तिथंच चेलोनं थांबायचं. रोज कॅसेट लावायची आणि एकेक ओळ उतरवायची, असा वर्षभराचा उद्योग.

फक्त ताईचे सूर भलतेच लांब होते.

"गज संपतो दाजी, सूर संपत नाही."

"उलटा फिरव."

"किती वेळा? करवत चालवल्यासारखं दिसतंय."

"ती एका दमात घ्यायची. बाईमाणसाला जमायचं ते तुला जमत नाही?"

मेव्हण्यानं कागद उचलले. घरी जाऊन त्यानं चारही तारा अर्धा सूर ढिल्या केल्या. आता बोटं पांढरी दोनची फिरवायची, आवाज काळी एकचा निघणार. दाजींना कळायचं कारण नव्हतं. ढिल्या तारांतून रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा हुंकार येऊ लागला, आणि तो ऐकून मास्तरांचे डोळे भरले.

"आता कसं. अगदी तिचाच आवाज."

मेव्हण्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

शनिवारी सकाळी मेव्हणा मास्तरांकडे असतानाच त्यांची मुलगी आली. तिनं कॅसेट ऐकली.

"बाबा, गाण्याआधी हा बोलतोय कोण?"

"मीच. तिची ओळख करून देतोय."

"तुम्ही? हा कुणीतरी पहिलवान आहे."

"तरुणपणी माझा आवाज भारदस्त होता."

"काहीही काय दाजी," मेव्हणा म्हणाला. "तरुणपणीही पत्रा ओढल्यासारखाच..." आणि तो मधेच थांबला.

तिघंही कॅसेटच्या मशीनकडे बघत राहिले. आतला पट्टा सैल पडला होता. मशीन हळू चालत होतं, आणि हळू चाललं की आवाज उतरतो. मुलीनं गाडीतून तिचं मशीन आणलं, कॅसेट त्यात घातली. आधी मास्तर पत्र्यासारखे बोलले. मग ताई गायली. लख्ख, चढी आणि थोडी घाईत, गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी. पांढरी दोन.

"हीच ताई," मेव्हणा हळूच म्हणाला.

मास्तर मान खाली घालून ऐकत होते. "लवकर संपलं," ते म्हणाले. मग मुलीकडे वळून, "वर्षभर मी कुणाला ऐकत होतो गं?"

मुलीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"आज तिच्याच पट्टीत वाजवायचं," मास्तरांनी ठरवलं. पियानोचं काम त्यांनी दुपारपर्यंत अर्धा सूर वर नेलं, लयही वाढवली. मेव्हण्यानं घरी एकट्यानं सराव केला. बोटं तर पांढरी दोनचीच होती. तारा एकमेकींशी जुळलेल्या होत्या, त्यामुळे त्याला काहीच खटकलं नाही. त्या आपण ढिल्या केल्या होत्या, हे रडून जड झालेल्या डोक्यातून पार निघून गेलं होतं.

हॉल भरला होता. मास्तरांनी सुरुवात केली, चेलो त्यात मिसळला, आणि दोन मांजरं एका पिशवीत कोंडल्यासारखा आवाज झाला. पुढच्या रांगेतल्या काकूंनी कानातलं यंत्र काढून तपासलं.

मेव्हण्याच्या लक्षात आलं.

"दाजी, तारा उतरलेल्या आहेत," तो पुटपुटला. "माझंच पाप. दोन मिनिटं द्या, वर चढवतो."

मास्तरांनी पियानोवरचे हात उचलले. कागद मिटून बाजूला ठेवले.

"राहू दे. मीच खाली येतो."

"पण ताई अशी नव्हती गायली."

"माहीत आहे रे. तशी फार लवकर संपते ती."

आणि मास्तरांनी काळी एकमध्ये, त्या बिघडलेल्या मशीनच्या चालीनं, पहिल्यापासून सुरू केलं. गज पुरेना तेव्हा मेव्हण्यानं उलटा फिरवला, पुन्हा सुलटा केला. त्यानं डोळे पुसले नाहीत. एक हात गजावर होता, दुसरा तारांवर.