विहीणबाईंचा अंगठा

"लेकाच्या लग्नात मी मोजडीच घालणार!" अंजूरच्या काशीबाईंनी जाहीर करून टाकलं. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढं हाड बाहेर आलेलं. बायकांच्या मोजडीत ते मावेना, म्हणून निजामपुऱ्याच्या बाजारातून त्यांनी चक्क पुरुषांची सोनेरी मोजडी आणली!

नवरा लडकू म्हणाला, "अगं, रुंद चप्पल घाल. ठणकेल."

"वरमाय हाय मी! चप्पल घालून मिरवू?"

हळदीच्या दिवशीच मोजडी अंगठ्याजवळ टम्म फुगली. लग्नाच्या दुपारी तर अशी कळ आली की काशीबाईंनी ती हळूच खुर्चीखाली सारली आणि अनवाणीच स्टेजवर गेल्या. नवरीच्या बहिणींनी झडप घातली, "नवरदेवाची मोजडी पळवली!"

नवरीचे मामा हरेश यांनी मोजडी हातात घेतली आणि त्यांचे डोळे विस्फारले. "हा फुगा कसला? मुलाच्या पायात खोट आहे? आमच्यापासून लपवलंत?"

झालं! ही बातमी मागच्या रांगेत पोचेपर्यंत नवरदेवाला सहा बोटं झाली. आचाऱ्यापर्यंत गेली, तेव्हा नवरदेवाचा पाय लाकडी होता!

"आधी पाय दाखवा, मग अक्षता!" मामा गरजले. बँड थांबला. बिचारा नवरदेव दीपेश स्टुलावर पाय ठेवून बसला आणि मामा त्याचं एकेक बोट दाबून बघू लागले.

लेकाचा कानकोंडा चेहरा काशीबाईंना बघवेना. त्यांनी लुगडं जरा वर धरलं आणि आपला पाय धाडकन शेजारी ठेवला.

"पोराला काय झालेलं न्हाय! मोजडी माझी हाय, अंगठाबी माझा!"

नवरीची आई वैशालीताई तरातरा पुढे आल्या. काशीबाईंना वाटलं, मोडलं लग्न! पण वैशालीताईंनी स्वतःचाच पाय वर केला. "हा बघा माझा अंगठा! डावा! रात्र-रात्र ठणकतो!"

मांडवात हशा पिकला. एका मावशीने तळव्याचं कुरूप दाखवलं, दुसरीने टाचेच्या भेगा. भटजींनी "मुहूर्त टळतोय!" म्हणून ओरडून सगळ्यांचे पाय खाली घ्यायला लावले. वैशालीताईंनी आपल्या मऊ, रुंद चपला काढून काशीबाईंच्या पायांत सरकवल्या. "घाला तुम्ही. आज वरमाय ना!"

इतक्या वर्षांत त्या अंगठ्याची एवढी कदर कुणी केली नव्हती! अक्षता पडल्या आणि काशीबाई बँडपुढे मनसोक्त नाचल्या.

पाठवणीच्या वेळी वैशालीताई काशीबाईंच्या गळ्यात पडून हमसू लागल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. काशीबाई म्हणाल्या, "रडू नका हो, तुमच्या पोरीला लेकीसारखी सांभाळीन!"

वैशालीताई कानात कुजबुजल्या, "ते सांभाळालच हो! आधी माझ्या चपला द्या, पाय पोळून निघाले!"