ताकवाल्या सिद्धनाथचा फ्लेक्स

रत्ना ताक घुसळत होती आणि सिद्धनाथ चुलीपुढं बसून दुसऱ्या चहाची वाट बघत होता, एवढ्यात अंगणात लियाकतचा टेम्पो येऊन थांबला. लियाकत भोरचा. आठवड्यातून दोनदा राजगडाखालच्या पालीत दुकानाचा माल टाकायला यायचा आणि मालाबरोबर तालुक्याच्या बातम्याही उतरवायचा. आज तो पेढ्यांचा पुडा घेऊन उतरला.

"आबा, अभिनंदन. भोरात स्टँडासमोर तुमचा फ्लेक्स लागलाय. दोन माणसांएवढा."

"माजा?"

"तुमचाच. डोक्यावर ताकाचा कॅन, मागं राजगड. काय हसताय त्यात."

"लिवलंय काय पन?"

"लिवलंय कायतरी. म्या टेम्पो चालवू का वाचत बसू?"

आता यात लियाकतची काही चूक नाही. आपल्याकडे फ्लेक्स वाचत कोण बसतं? तोंड बघायचं, ओळखीचं आहे का ठरवायचं आणि पुढं जायचं. माणूस फ्लेक्सवर चढतो तो तीन कारणांनी: वाढदिवस, निवडणूक किंवा श्रद्धांजली. सिद्धनाथ समोर बसून पेढा खात होता, म्हणजे तिसरं कारण बाद. त्याचा वाढदिवस कधी असतो हे खुद्द त्याच्या आईनंही कधी सांगितलं नव्हतं. राहता राहिली निवडणूक.

संध्याकाळपर्यंत गावात नक्की झालं की आबा ग्रामपंचायतीला उभे राहणार. बाजार करून आलेल्या चंद्राबाईनं यष्टीच्या खिडकीतून फ्लेक्स पाहिला होता आणि "सायबावानी दिसतोय मेला" असा शेराही दिला होता. कुमार तर घरी आला. हा कुमार म्हणजे गडाच्या वाटेवरचा दुसरा ताकवाला. सिद्धनाथ पाली दरवाज्याखाली ज्या दगडावर बसायचा, त्याच्या बरोबर दहा पायऱ्या खाली हा बसायचा आणि दमलेलं गिऱ्हाईक मधल्यामधे पकडायचा. पंधरा वर्षं दोघांचं सरळ बोलणं नव्हतं.

"आबा, आपन एका धंद्यातली मानसं," कुमार म्हणाला. "सरपंच झालात तर आमाला इसरू नगा."

सिद्धनाथला खरं म्हणजे तिथंच सांगता आलं असतं की बाबा, मला यातलं काही ठाऊक नाही. पण कुमारच्या तोंडून "आबा" ऐकायला इतकं गोड लागत होतं की तो नुसता "बघू" म्हणाला. माणूस बिघडतो तो असा.

"मला न इचारता उभं ऱ्हायलात व्हय?" कुमार गेल्यावर रत्नानं विचारलं.

"अगं, मला तरी कुनी इचारलंय? दिवाळीआधी त्यो पुन्याचा फोटोवाला आलता बघ. हसा म्हनला, हसलो. मोबाईलवर बोटानं सही करा म्हनला, केली. टोपी देऊन गेला."

"टोपी देऊन गेला, का घालून?"

गुरुवारी सिद्धनाथ इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःला बघायला भोरला गेला. फ्लेक्स खरंच झकास होता. तो हात कमरेवर ठेवून पाच मिनिटं नुसता बघत राहिला. मग त्यानं एकेक अक्षर लावून वाचायला घेतलं. "मला हर्पीस आहे. पण मी थांबत नाही." खाली बारीक अक्षरात, "लाज सोडा, उपचार घ्या," आणि एका औषध कंपनीचा नंबर.

हा हर्पीस कोण हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं शेजारच्या मेडिकलमध्ये विचारलं. दुकानदारानं आधी दुकानातली दोन गिऱ्हाइकं वाटेला लावली, मग काउंटरवर वाकून हळू आवाजात सांगितलं, "अंगावर फोड येतात आबा. कुणाला तोंडावर, कुणाला... खाली. चिकटणारा असतो. पण तुम्ही एवढं उघड सांगितलंत, धाडस आहे."

सिद्धनाथनं तिथूनच कंपनीला फोन लावला.

"माज्या फोटूची जाहिरात केलीया तुमी."

"जाहिरात नाही काका, जनजागृती," पलीकडची मुलगी फार प्रेमानं बोलली. "तुम्ही संमती दिली आहे."

"पन मला त्यो रोग न्हाई."

"तुम्हाला आहे असं आम्ही कुठं म्हटलंय?"

"'मला' म्हंजी मग कुनाला?"

मुलीनं वरिष्ठांना विचारून सांगते म्हटलं आणि फोनमध्ये बासरी लावून दिली. ती बासरी सिद्धनाथ यष्टी येईपर्यंत ऐकत होता.

रविवारी गडावर खरा फटका बसला. तसलाच एक फ्लेक्स हायवेवर, वेल्ह्याकडं वळायच्या तोंडाला लागला होता, आणि पुण्याची माणसं गावाकडच्यांसारखी नसतात. ती फ्लेक्स वाचतात. एकेक घोळका घामाघूम होऊन वर यायचा, सिद्धनाथकडं बघायचा, आपापसात कुजबुजायचा आणि एकदम कुणालाच तहान नसायची. एका बाईनं तर "काका, तुम्ही ग्रेट आहात" म्हणून त्याचा फोटो काढला आणि खाली जाऊन कुमारकडचं ताक प्याली.

कुमारला आता सगळा उलगडा झाला होता. "आबा" कुठल्या कुठं गेलं. "या, या, हितं बिनरोगाचं ताक," असं तो गडाच्या पहिल्या पायरीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडत होता. तीस वर्षांत पहिल्यांदाच सिद्धनाथ भरलेला कॅन डोक्यावर घेऊन गड उतरला. भरल्या कॅनपेक्षा त्याला एकच गोष्ट जास्त लागली होती, की आपल्या हातचं कुणी पीत नाही. रत्नानं काही न विचारता ते ताक म्हशीच्या आंबोणात ओतलं. त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

"उद्या भोरला जावा," रत्ना म्हणाली. "डॉक्टरकडनं लिहून आना, ह्या मानसाला कायबी झाल्यालं न्हाई म्हनून. कॅनलाच लावू."

भोरच्या डॉक्टर मासूमांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाई डॉक्टर बघून सिद्धनाथनं "खाली" हा शब्द फक्त हातानं सांगितला.

"तपासणी कशाला करताय, आबा? काही उपयोग नाही तिचा."

"मला कागुद पायजे."

"मग ऐका माझं. नका करू."

पण तो हटून बसला. रक्त दिलं. दोन दिवसांनी कागद घ्यायला गेला तर डॉक्टरबाई हसू दाबत होत्या.

"निघाला हो, आबा. हर्पीस आहे तुम्हाला."

सिद्धनाथ खुर्चीत बसायचा ते बाकावरच बसला. "फ्लेक्समुळं?"

"लहानपणापासून. दहातल्या सहा-सात जणांना असतो. एकदा शिरला की अंगात झोपून राहतो. ओठावर बारीक फोड येतात, जर फुटला म्हणतो ना आपण, तोच हा. दुसरा प्रकार खाली येतो, पण तोही असाच, त्याच घराण्यातला. लाजण्यासारखं यात काही नाही. फोड आले तर औषध असतं, आणि तेवढ्यापुरतं जपायचं. तुम्हाला तर गोळीचीही गरज नाही."

"आन् ताकातनं?"

"ताकातून नाही लागत." मग त्यांनी 'हर्पीस ताकातून लागत नाही' एवढंच एका कागदावर लिहून खाली शिक्का मारून दिला.

घरी आल्यावर सिद्धनाथनं आधी रत्नाकडं बोट दाखवलं. "दर उन्हाळ्यात तुज्या ओठावर जर येतो. तुज्याकडनंच आलाय."

"लगीन हून आले तवा तुमच्या आईच्या ओठावर व्हता," रत्ना म्हणाली. "म्या म्हायेरनं भांडी आनली, रोग न्हाई." मग ती जरा वेळानं हसायला लागली, आणि तिच्याकडं बघून तोही. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्या घरात कुणी हसलं होतं.

डॉक्टरांचा कागद सिद्धनाथनं कॅनला चिकटवला. त्याचा परिणाम एवढाच झाला की ज्यांनी फ्लेक्स वाचला नव्हता, त्यांनाही कळलं. शनिवार तसाच कोरडा गेला.

रविवारी उन्हं चढल्यावर एक तिशीची मुलगी एकटीच वर आली. तिच्या बरोबरची माणसं कुमारपाशी थांबली होती. तिनं कॅनवरचा कागद वाचला, मागं वळून बघितलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला खरंच आहे?"

"हाय की. रिपोर्ट हाय माज्याकडं."

"आणि घरी सांगितलंत?"

"सांगितलं. ती हसली."

मुलगी खाली बसली. मग म्हणाली, "मला चार वर्षं झाली. मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा."

डॉक्टर बोलल्या होत्या ते सिद्धनाथनं आठवेल तसं सांगितलं, दहातले सहा-सात, त्याच घराण्यातला, सगळं. शेवटी म्हणाला, "हे बघ, माजा तर दोन मानसांएवढा फ्लेक्स लागलाय. तुजं काय एवढं?"

ती हसली आणि डोळे पुसले. मग तिनं ताक मागितलं. एक ग्लास प्याली, दुसरा मागितला. आपल्या हातचं कुणीतरी पितंय हे बघून सिद्धनाथचा जीव भांड्यात पडला. त्यानं तिसरा ग्लास न मागताच भरला.

तिनं पुण्यात जाऊन काय लिहिलं, कुठं लिहिलं, देव जाणे. पण पुढच्या रविवारी माणसं येऊ लागली. एकेकटी यायची, ताक घ्यायची आणि हळूच विचारायची, "काका, जरा बोलायचं होतं." कुणी बँकेतला, कुणी मास्तर, एक तर कॉलेजातली प्रोफेसरीण. सिद्धनाथ सगळ्यांना डॉक्टर मासूमांचा पत्ता द्यायचा आणि आधी ताक पाजायचा. दगडाभोवती गर्दी दिसली की बाकीचेही तिकडंच वळायचे, कारण गर्दी असेल तिथलं ताक चांगलं, हा आपला जुना हिशेब. दुपारच्या आत कॅन रिकामा होऊ लागला. रत्नानं दुसरा कॅन घेतला. कंपनीतल्या त्या मुलीचा फोन आला की वरिष्ठ फ्लेक्स उतरवायला तयार आहेत, तेव्हा सिद्धनाथ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता. पर मागं गड जरा नीट दिसूद्या."

आता दहा पायऱ्या खाली माश्या मारायची पाळी कुमारवर आली. महिनाभर त्यानं दम काढला. मग एका सोमवारी अंगणात येऊन उभा राहिला.

"आबा, त्या फोटोवाल्याचा नंबर असंल तर द्या की."

"कशाला रं?"

"माजा बी फ्लेक्स लावा म्हनावं. मला बी हाय म्हनून सांगतो."

"तसं नगं. खोटं कशाला बोलायचं?" सिद्धनाथ म्हणाला. "जा भोरला, रक्त दे. दहातल्या सहा-सात जनांना असतोय. निघंल."

कुमार गेला. गुरुवारी कागद घेऊन परत आला तो थेट ओट्यावर येऊन बसला, तोंड पार उतरलेलं. रत्नानंच त्याच्या हातातला कागद घेऊन बघितला.

"न्हाई निघाला," कुमार म्हणाला.

"मनाला लावून घेऊ नगंस," सिद्धनाथ म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुमारची कीव आली. त्यानं आत जाऊन ग्लासभर ताक आणलं आणि त्याच्या पुढं धरलं.

कुमारनं ग्लास हातात घेतला. थोडा वेळ आत बघत राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "आबा, ह्याच्यातनं लागत असंल का?"

"न्हाई रं. ताकातनं न्हाई लागत."

कुमारनं एक सुस्कारा सोडला आणि ताक पिऊन टाकलं.