फोटोतल्या इसमाने समक्ष हजर राहण्याबाबत

माणूस जन्मतो तेव्हा त्याच्या डोक्यावर फारसे केस नसतात. मधल्या वर्षांत मिळतो तो केवळ तात्पुरता ताबा. हे सत्य ज्याला पटले त्याला कंगवा लागत नाही (आणि ज्याला कंगवा लागत नाही त्याला ते पटतेच).

केसगळतीची कारणे शास्त्राला अजून पुरती सापडलेली नसली, तरी शेजाऱ्यांना सापडलेली आहेत. मी केलेल्या पाहणीत, भरघोस केस असलेल्यांपैकी एक्याण्णव टक्के लोकांना टक्कल का पडते हे नक्की ठाऊक होते. टक्कल पडलेल्यांपैकी एकालाही नव्हते. म्हणजे ज्ञान केसांच्या मुळाशी साठते. मी अर्थातच पहिल्या गटातला.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, दुसऱ्या गटातले. नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क. एका सोमवारी फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांचे ओळखपत्र पाहिले, मग डोके पाहिले, आणि वाट अडवली.

"फोटोतल्या माणसाला पाठवा."

"अहो, तो मीच!"

"असं सगळेच म्हणतात."

पहारेकरी अत्यंत कर्तव्यदक्ष होता. नवे ओळखपत्र मिळत होते, पण त्यासाठी जुन्या फोटोतल्या इसमाने समक्ष अर्ज करायचा, असा सुटसुटीत नियम होता. मुदत तीस दिवस. तोवर केस आले नाहीत तर दाजी बेपत्ता समजून खुर्ची दुसऱ्याला. बावीस वर्षांची नोकरी! दाजींच्या तोंडचे पाणी पळाले. मला त्यांची मनापासून कीव आली (केस असले की कीव लवकर येते).

मी उपाय सुचवले सतरा. कांद्याचा रस, अंड्याचा बलक, शीर्षासन, आणि काळजी न करणे. या शेवटच्या उपायाची आठवण ताई दर तासाला ओरडून करून द्यायची. न्हाव्याने एक जालीम तेल दिले. तो स्वतः तुळतुळीत होता.

"तुम्ही नाही का लावत?" दाजींनी भीत भीत विचारले.

"गिऱ्हाइकांतून सवड कुठं मिळते?"

उत्तर चोख होते. आम्ही दोन बाटल्या घेतल्या.

विसाव्या दिवशी टाळूवर एक केस दिसला. घरात आनंदीआनंद! ताईने चष्मा लावून पाहिले, तर तो मांजराचा.

अखेर नियमांत एक पोटकलम सापडले. कार्यालयाबाहेरच्या ओळखीच्या इसमाने 'हा तोच' अशी साक्ष दिली तर केसांवाचून भागत होते. मात्र साक्षीदाराचा चेहरा त्याच्या स्वतःच्या फोटोशी जुळायला हवा. ताई बाद झाली. महिनाभराच्या काळजीने तिच्या वेणीची उंदराची शेपटी झाली होती.

"मी आहे की!" मी म्हणालो, आणि एकोणतिसाव्या दिवशी ऐटीत फाटकावर गेलो. महिनाभर दाजींच्या डोक्याची चिंता वाहताना मला आरशात पाहायला सवड झाली नव्हती.

पहारेकऱ्याने माझे ओळखपत्र पाहिले. मग माझे डोके पाहिले.

"फोटोतल्या माणसाला पाठवा."

आता आम्ही दोघेही फाटकाबाहेर उभे आहोत. केस का गळतात हे मला सांगता येणार नाही. महिन्यापूर्वी अगदी तोंडपाठ होते. मुदत उद्या संपते. दाजींना ओळखणारा, केस शाबूत असलेला साक्षीदार हवा, आणि इथवर वाचलेत म्हणजे तुमची त्यांच्याशी ओळख झालीच. सकाळी दहाला ओळखपत्र घेऊन या. केस का गळतात हे तुम्हाला ठाऊक असेलच.

फक्त निघण्याआधी एक करा. मघापासून या पानावर जी बारीक काळी रेघ दिसते आहे, ती छपाईची चूक नाही. फुंकर मारून पाहा.