योगराजच्या दोन बायका

सज्ञान नागरिकास आपले नाव बदलावयाचे असल्यास शासनाने त्याची रीतसर सोय केलेली आहे. शपथपत्र करावे, कारण नमूद करावे, पुरावे जोडावे, शुल्क भरावे आणि राजपत्रात नाव छापून येईपर्यंत जुन्याच नावाने जगावे. हिवरटोल्यात मात्र या कामाला ताटभर तांदूळ आणि एक अंगठी पुरते. नवरदेवानं अंगठीनं तांदळावर नाव लिहायचं, बायकांनी ते वाचून हसायचं, की पुष्पांजली शालीकराम डोंगरवार हिची सुमित्रा योगराज कापगते झालीच. हरकती मागवल्या जात नाहीत. जिचं नाव बदलतं तिची तर नाहीच नाही.

या फेरबदलाचं कारण सासू कुसुमबाईंनी तेव्हाच जाहीर केलं होतं. “एवढं लंबं नाव घेऊन हाक मारतपर्यंत भात करपते.”

त्यानंतर घरात भात करपल्याची नोंद नाही.

मग गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली. उमेदवार गावची रहिवासी हवी, शिकलेली हवी. बारावी पास सून गावात एकच होती, त्यामुळे तिचा पहिला नंबर लागला. दुसरा नंबर सरपंच टेकचंद यांच्या वहिनीचा. पहिलीनं महिनाअखेरपर्यंत कागद पूर्ण केले नाहीत, तर दुसरीला नेमणूक. सुमित्रानं आनंदानं पेटी उघडली, तळाशी गुंडाळून ठेवलेली मार्कशीट काढली आणि नवऱ्यासोबत तालुक्याला गेली.

कोणत्या कार्यालयात, ते मी सांगत नाही. तुम्हाला जे आठवलं असेल तेच समजा. तिथल्या केशोराव बाबूंनी एका हातात मार्कशीट धरली, दुसऱ्या हातात राशनकार्ड धरलं आणि मान हलवली.

“देखो बाई, जी बारावी पास आहे ती इथं राहत नाही. जी इथं राहते ती शाळेतच गेली नाही. नेमणूक देऊ कोणाले?”

“दोघी बी मीच आहो जी.”

“तोंडी नाही चालत.”

योगराजनं खिशातून लग्नपत्रिका काढली. माणूस भोळा, पुरावा दिला की काम होते असं त्याला वाटायचं. केशोरावांनी पत्रिका गणपतीपासून आहेराच्या सूचनेपर्यंत वाचली.

“पत्रिकेप्रमाणं तुमचं लग्न झालं पुष्पांजलीसोबत. राशनकार्डाप्रमाणं घरात राहते सुमित्रा. म्हणजे बायका झाल्या दोन. तुम्ही नोकरी कुठं करता?”

“आश्रमशाळेत शिपाई आहो जी.”

केशोरावांनी चष्मा पुसला. त्यांना कोणाचं वाईट करायचं नव्हतं. फक्त कागदावर दिसलेली गोष्ट न दिसल्यासारखी करणं त्यांना जमत नसे. आठवडाभरात योगराजला नोटीस आली: ‘प्रथम पत्नी श्रीमती पुष्पांजली हयात असताना आपण श्रीमती सुमित्रा हिच्यासमवेत वास्तव्य करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. खुलासा करावा, अन्यथा सेवेतून कमी करण्यात येईल.’ योगराजनं खुलासा केला, ‘मला एकच पत्नी आहे.’ त्यावर शेरा पडला, ‘कोणती, ते नमूद नाही.’

आता एक बायको घरात सापडत होती, म्हणजे दुसरी बेपत्ता होती. हे काही केशोरावांच्या खात्याचं काम नव्हे. म्हणून एके सकाळी पोलीस ठाण्याचे जमादार अंगणात येऊन खाटेवर बसले.

“पुष्पांजली कुठं आहे?” त्यांनी कुसुमबाईंना विचारलं.

“अशी कोणी आमच्या घरी नाही बाबा. कवाच नव्हती.”

म्हातारी शपथेवर खरं बोलत होती. जमादारांनी ते लिहून घेतलं, आणि लिहिता लिहिता त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. नवरी मांडवात होती आणि घरी पोचलीच नाही, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. जमादारांनी चहा घेतला, चांगला झाला असं सांगितलं आणि जाताना तिलाही बजावलं, “ती बाई कुठं दिसली तर लगेच कळवायचं.”

“हो जी,” ती म्हणाली. मग कपबशा घेऊन आत गेली आणि चुलीपाशी बसून रडली. एवढ्या गमतीच्या गोष्टीवर आपल्याला हसू का येत नाही, हे तिचं तिलाच कळेना.

शेवटी तोड केशोरावांनीच काढली. “राजपत्रात छापून घ्या. जुनं नाव पुष्पांजली, नवीन नाव सुमित्रा. कारण, विवाह. मामला खतम.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. योगराजची नोकरी वाचत होती, कुसुमबाईंची चौकशीतून सुटका होत होती. सुनेची नेमणूकही होत होती.

“उलटं छापा जी,” ती म्हणाली. “जुनं सुमित्रा, नवीन पुष्पांजली.”

“आता कायले अडून राहिली?” योगराज कावला. “तुले नोकरी पाहिजे का नाव?”

“दोन्ही. दोन्ही माझेच आहेत.”

केशोरावांनी पेन उघडलं. “कारण काय लिहू?”

“माझं आहे म्हणून.”

“बाई, हे कारणच नाही. लग्न चालते, घटस्फोट चालते, ज्योतिषानं सांगितलं तरी चालते. माझं आहे म्हणून, असं आजवर कोणी मागितलं नाही.” पण ते विरघळले असावेत, कारण त्यांनी आणखी एक वाट शोधली. नात्यातला नसलेला एक साक्षीदार आणावा. तिचं लग्नाआधीचं नाव आपल्याला ठाऊक आहे, एवढं त्यानं सांगावं.

साक्षीदारांना काय तोटा? सगळा गाव तिच्या लग्नात जेवला होता. शेजारचे बकाराम तर छाती काढून आले. “पत्रिका मीच सायकलवर वाटल्या जी. पुष्पांजलीच होतं.”

“छान. आता तुमची स्मरणशक्ती तपासू, तसं लिहावं लागते. तुमच्या आईचं लग्नाआधीचं नाव सांगा.”

बकारामनं आढ्याकडे पाहिलं. “आमी तर मायच म्हणत होतो.”

सरपंच टेकचंदही आले होते. आले नसते तर वहिनीसाठी आले नाहीत असं लोक म्हणाले असते. तोच प्रश्न ऐकून त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मीटिंग असल्याचं सांगून ते निघाले.

“एवढं सोपं बी येत नाही लोकायले,” योगराज म्हणाला. “माझ्या मायचं नाव कुसुम. लिहा.”

“कुसुम तर इथलं होय,” बाकावरून कुसुमबाई म्हणाल्या.

“मंग तुझं कोणतं होतं माय?”

कुसुमबाई बोलायला गेल्या. पण नाव ओठांवर येईना. त्यांनी पदर तोंडाला लावला. सून उठली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली.

नियमाप्रमाणं केशोराव स्वतःही साक्षीदार होऊ शकत होते. पण तोच प्रश्न त्यांनाही लागू झाला असता; त्यांनी पेन बंद करून टेबलावर ठेवलं.

मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. साक्षीदार सज्ञान असावा, नात्यातला नसावा, इतकीच अट. पुष्पांजलीची हकीकत आता तुम्हालाही ठाऊक झाली, तेव्हा तुम्ही चालाल. अवश्य या. केशोराव तो प्रश्न विचारतील तेव्हा आईला फोन लावायची परवानगी मात्र नाही.