शमुवेलराव आवाज पारखतात

शमुवेलराव भर रस्त्यात थबकायचे. पाऊल अर्धं उचललेलं, बोट वर, डोळे मिटलेले. मागून येणारा टांगेवाला घोड्याला आवरता आवरता त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. हे शांतपणे म्हणायचे, "थांबा हो. आत कोण बोलतंय ते बघू द्या."

नाशकात शरणपुराला आमची घरं भिंतीला भिंत लावून. मिशनच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी गणित. देव माणसाशी बोलतो, यावर आम्हा सगळ्याच ख्रिस्ती मंडळींचा विश्वास. पण बोलला तो देवच कशावरून, हा घोर एकट्या शमुवेलरावांना. त्यांनी कसोटी ठरवून टाकली होती. "मास्तर, आपल्याला हवं तेच आतून ऐकू आलं, तर तो आवाज आपलाच. नको असलेलं ऐकू आलं आणि पाठ सोडेना, तर समजा, वरून आलं."

नाताळात आमच्याकडे फराळाला आले की करंजीकडे गेलेला हात मधेच थांबायचा. "हा पोटाचा!" हात मागे. मग माझी बायको म्हणायची, "घ्या हो भाऊजी, मी सांगते ना!" की लगेच दोन उचलायचे. वहिनींच्या आवाजाबद्दल शंका घेऊ नये म्हणे.

एकदा पाळकसाहेब उपासनेनंतर म्हणाले, "प्रभू मला महिनाभर महाबळेश्वराला जा म्हणतोय." शमुवेलरावांनी अगदी नम्रपणे विचारलं, "त्याला हे दर उन्हाळ्यातच कसं सुचतं, साहेब?" पाळकसाहेबांचा अबोला दिवाळीपर्यंत टिकला.

मीही त्यांची भरपूर टिंगल करायचो. मग रहीमचाचांचं प्रकरण घडलं. रहीमचाचा म्हणजे तोच शिव्या घालणारा टांगेवाला. एका दुपारी वर्ग चालू असताना शमुवेलरावांनी खडू खाली ठेवला, तोंड वाकडं केलं, छत्री घेतली आणि थेट चाचांची खोली गाठली. चाचा एकटेच, तापानं फणफणलेले, घोटभर पाणी द्यायला कुणी नाही. बरे होईपर्यंत यांनी त्यांना पेज भरवली.

"तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

"कळलं कुठे! त्या माणसाचं तोंडसुद्धा बघायची इच्छा नव्हती. तरी आत सारखं चाललेलं, रहीमकडे जा, रहीमकडे जा. म्हणून गेलो."

माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या वर्गात, पोरांच्या त्या गोंगाटात देव येऊन बोलून गेला होता आणि मी इकडे त्रैराशिक शिकवत होतो. पुढे त्यांना हसायची माझी छाती झाली नाही.

मग निफाडकडचा एक शेतकरी निरोप घेऊन आला. तिकडच्याच एका खेड्यात शमुवेलरावांचं घर. बाप्तिस्मा घेतला तेव्हा थोरल्या भावानं त्यांना उंबऱ्याबाहेर काढलं होतं, ते पुन्हा तिकडे फिरकले नव्हते. शेतकरी म्हणाला, "म्हातारी लय थकली हाय. डोळ्यानं दिसत नाय. रोज तुमची याद काढती."

शमुवेलराव गेलेच नाहीत. आठवडा उलटला तेव्हा न राहवून मी विचारलं. ते आमच्या ओट्यावर बसून होते.

"आवाज येतोय, मास्तर. जा म्हणतोय. पण मला जायचंय हो! घर सुटल्यापासून रोज जायचंय. मग हा देवाचा कसा असेल?"

ज्या माणसाला सगळे आवाज ओळखू येत, त्याला आईकडे जायला परवानगी मिळत नव्हती, आणि ती अडवणारा तोच. बायको आतून पदराला हात पुसत आली. "भाऊजी, प्रभूनं वधस्तंभावर जीव जाताना आपल्या आईची सोय लावली. तो तुम्हाला आईकडे जाऊ नको म्हणेल?"

शमुवेलराव तिच्याकडे बघतच राहिले. मग घरात जाऊन टोपी घालून आले. सोबतीला मी निघालो.

घर आलं. थोरला भाऊ दारातच उभा. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. शमुवेलराव अंगणात थांबले. आगगाडीत मनाशी घोकलेलं सगळं बोलणं बाजूलाच राहिलं; ते नुसतेच एकदा खाकरले. तेवढ्यात आतून थकलेला आवाज आला.

"सोपाना, भाईर का उभा रं? आत ये."

सोपान हे त्यांचं बाप्तिस्म्याआधीचं नाव, ते मला तेव्हा कळलं. आम्ही येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भर उन्हात मी थरारलो, टोपी काढून हातात घेतली. भाऊ दारातून बाजूला झाला.

म्हातारी चुलीपाशी बसली होती. शमुवेलराव तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. तिनं त्यांचा चेहरा, गळा, खांदे चाचपून पाहिले.

"किती वाळलास रं! तुझा देव जेवाया घालतो का नाय तुला?"

"घालतो, आये," ते कसेबसे म्हणाले.

तिला ते पटलेलं दिसलं नाही. तिनं सुनेला हाक मारली. "वाढ त्याला. हितंच, माझ्यापाशी." सून नवऱ्याकडे बघत राहिली. भिंतीला टेकवलेला पाट थोरल्या भावानं स्वतः उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि धाकट्या भावासाठी मांडला.