जागा बंद आहे का?

"आपल्या जागेचा वीजवापर मागील महिन्यात अत्यल्प आढळला आहे. जागा बंद आहे का? कृपया होय किंवा नाही कळवा." सेक्रेटरींनी मोबाइलवरचा मेसेज जिन्यातच मोठ्याने वाचला आणि चष्म्याच्या वरून कंडक्टरकडे पाहिलं.

"बंद कशी असेल?" कंडक्टर उखडला. "मी राहतो ना तिथे!"

"ते मला माहीत आहे हो. पण मीटरला तुम्ही दिसत नाही."

कंडक्टरला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सगळी इमारत त्याला कंडक्टरच म्हणायची. आयुष्यभर त्याने खचाखच भरलेल्या बसमधून वाट काढत तिकिटं फाडली होती. "पुढे सरका, पुढे, जागा आहे" हे वाक्य तो झोपेतही म्हणायचा, असं त्याची बायको सांगायची. आता बायको नव्हती आणि जागाच जागा होती.

नवीन स्मार्ट मीटर बसले तेव्हा इमारतीत नुसता गदारोळ झाला होता. पहिल्या मजल्यावरचा टेलर म्हणाला, हे मीटर घोड्यासारखं धावतं. त्याची बायको म्हणाली, हे आपल्यावर नजर ठेवतं, आणि तिने मीटरला उशीचा अभ्रा घातला. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंचं, म्हणजे सिस्टरचं मत होतं की त्याचा लाल दिवा डोळा मारतो. एकटे सेक्रेटरी मीटरच्या बाजूने होते. ज्या म्हाताऱ्यांना मोबाइल जमत नाही त्यांची मीटरं त्यांनी आपल्याच नंबरला जोडून घेतली होती आणि आता ते सगळ्यांचा वापर आवडीने बघत बसायचे. मीटर खोटं बोलेल म्हणून सगळे घाबरले होते. ते खरं बोलेल म्हणून घाबरलेला एकटा कंडक्टरच होता.

कारण कंडक्टरकडे दर रविवारी मुलगा, सून आणि नातू जेवायला येतात, असं अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. ते खोटं नव्हतं, फक्त शिळं होतं. पूर्वी ते खरंच यायचे. मग नातवाचा पोहण्याचा क्लास निघाला, मग सुनेची बदली झाली, मग रविवारचा फोन येऊ लागला आणि तोही आता "बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" एवढ्यावर उरकायचा. येणं कधी थांबलं ते कंडक्टरलाही नीट सांगता आलं नसतं. त्यामुळे ते कुणाला सांगायचं राहूनच गेलं.

"आणि हे बघा," सेक्रेटरींनी मोबाइलवर बोट फिरवलं, "रविवारीसुद्धा रेघ आडवीच. पाहुणे असतात ना तुमच्याकडे?"

वरून जिना उतरणाऱ्या सिस्टर थांबल्या. कंडक्टरने त्यांच्याकडे ओझरतं पाहिलं.

"असतात की! पण फार काटकसरी आहेत हो ती. पंखासुद्धा लावत नाहीत. मीच म्हणतो, अरे लावा, लावा."

"असं का," सेक्रेटरी म्हणाले.

"या रविवारी बघा तुम्ही! या रविवारी लावायलाच लावतो."

बोलून तर गेला. आता निभावणं आलं.

रविवारी सकाळी त्याने गीझर लावला. पहिली आंघोळ मुलाची. त्याने कढत पाण्याची बादली भरून बाजूला ठेवली. मग सुनेची, मग नातवाची. बादल्या संपल्या तेव्हा त्याने स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं घेतलं. नातवाचं पाणी भरत असताना तो टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघराच्या दाराशी उभा राहिला आणि नकळत ओरडला, "अरे, किती वेळ! बाकीच्यांना पण आंघोळी आहेत!" ओरडून झाल्यावर त्याला फार बरं वाटलं. कुणाची तरी वाट बघत दाराशी ताटकळायला त्याला कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं.

मग त्याला चेवच चढला. बाहेरच्या खोलीत त्याने टीव्हीवर कार्टून लावलं, आतल्या खोलीत रेडिओ. वॉशिंग मशीनमध्ये एकुलती एक चादर टाकून ते फिरवलं. सगळे पंखे, सगळे दिवे. सून कामाची, म्हणून तिच्या वतीने इस्त्री तापवली आणि आपलाच सदरा पसरला. मिक्सरमध्ये काय घालावं सुचेना, तेव्हा शेंगदाणे घातले. घर असं घुमायला लागलं की त्याला दोनदा मागे वळून पाहावंसं वाटलं.

इतक्यात दारावरची घंटी वाजली. कंडक्टर इस्त्री तशीच टाकून धावला आणि दार फटीएवढं उघडलं. बाहेर सिस्टर उभ्या होत्या, हातात बिस्किटांचा डबा.

"आवाज ऐकला म्हणून आले. नातवाला द्यायचाय."

"तो आंघोळीला गेलाय."

"मग सुनेच्या हातात देते."

"ती इस्त्री करतेय."

"मग मुलाला तरी हाक मारा."

"तो, तो मिक्सर चालवतोय."

"मिक्सर चालवतो?" सिस्टरच्या भुवया वर गेल्या. "गुणी आहे हो मुलगा. थांबते मी, उरकू दे त्यांचं."

आणि त्या खरंच जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. कंडक्टर दाराच्या फटीत अडकल्यासारखा उभा. आत मिक्सर सुटा ओरडत होता. तेवढ्यात खालून सेक्रेटरी धापा टाकत आले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"कंडक्टरसाहेब, रेघ कुठल्या कुठे गेली! मानलं तुमच्या पाहुण्यांना! पण काहीतरी बंद करा, मंजूर लोडच्या वर चाललंय. हे मीटर असं झालं की स्वतःच लाइट..."

लाइट गेली.

मिक्सर कण्हत थांबला. कार्टूनमधलं माकड हसता हसता गप्प झालं. रेडिओ, पंखे, मशीन, सगळं एकापाठोपाठ निवलं. भरल्या घरातली लाइट गेली की घर जास्तच बोलायला लागतं. अरे फोन कुठाय, बाबा हलू नका, आई गं माझा पाय, असा कालवा उठतो. इथे काहीच उठलं नाही. न्हाणीघरात नळ ठिबकत होता, तेवढंच जिन्यापर्यंत ऐकू आलं.

"वहिनी, घाबरू नका हं!" सेक्रेटरींनी फटीतून धीर दिला.

मग त्यांनी फटीला कान लावला.

"झोपली सगळी," कंडक्टर म्हणाला.

"इस्त्री करता करता?"

बिंग फुटायचं एवढंच राहिलं होतं, ते काम सदऱ्याने केलं. फटीतून करपल्याचा वास आला आणि पाठोपाठ धूर. सिस्टरनी आयुष्यभर वॉर्डची दारं ढकलली होती. त्यांनी हेही ढकललं आणि आत जाऊन इस्त्री उभी केली, खिडक्या उघडल्या. सेक्रेटरी लोकांना वाचवायला मागोमाग धावले. एक खोली बघितली, दुसरी बघितली, दारामागे बघितलं. न्हाणीघरात कढत पाण्याच्या बादल्या आणि एक पातेलं रांगेत वाफाळत होतं. वाचवायला कुणीच मिळेना.

कंडक्टर भोक पडलेला सदरा हातात घेऊन मधोमध उभा होता. नोकरीत कित्येक फुकटे त्याने पकडले होते. त्यांची मान अशीच खाली गेलेली असायची. पकडला गेल्यावर काय वाटतं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

"मागच्या जिन्याने गेली वाटतं," सिस्टर एकदम म्हणाल्या. "घाईत असतील. मला पावलं ऐकू आल्यासारखी वाटली."

सेक्रेटरींनी मागच्या दाराकडे पाहिलं. दाराला कडी होती, कडीला गंज होता आणि दारासमोर एक जुनी लोखंडी पेटी आडवी पडलेली होती. सेक्रेटरी पेटीकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा साफ केला.

"हो. गेलीच असतील," ते हळूच म्हणाले. "मी लाइटचं बघतो." आणि ते चवड्यांवर चालत निघून गेले.

कंडक्टरने जळक्या सदऱ्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"कुणी आलं नव्हतं," शेवटी कंडक्टर म्हणाला.

"माहीत आहे मला."

"केव्हापासून?"

"ती यायची थांबली ना, तेव्हापासूनच. तुमच्या डोक्यावरच राहते मी. खाली पोर पळतं की नाही, ते माझ्या जमिनीला कळतं." सिस्टर खुर्चीवर टेकल्या. "पण आज मी फसले हो. वाटलं, आली खरंच. मी माझा टीव्ही बंद केला नि जमिनीवर बसून ऐकत राहिले. किती दिवसांनी घराखाली घर लागलं. तुमचं ते 'किती वेळ' ऐकून तर मीच घाईने आंघोळ उरकली."

कंडक्टरला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकाच वेळी, त्यामुळे चेहऱ्याचं काय करावं ते त्याला समजेना. त्याने भोक पडलेल्या सदऱ्याने नाक पुसलं.

"आता एवढ्या पाण्याचं काय करायचं?" त्याने विचारलं.

"ते राहू दे. शेंगदाण्यांचं काय केलंत?"

"कूट झालंय. भरपूर."

"मग घेऊन चला वर. माझ्याकडे दुसरी खुर्ची आहे. तिच्यावर रद्दी साठलीय, ती तेवढी उचलू लागा."

पुढच्या महिन्यात सेक्रेटरींचा मोबाइल पुन्हा वाजला. त्या दिवशी नेमका रविवार होता आणि कंडक्टर नवा सदरा घालून, हातात झाकलेलं भांडं घेऊन दाराला कुलूप लावत होता.

"कंडक्टरसाहेब," सेक्रेटरी अवघडून म्हणाले, "म्हणजे मी म्हणत नाही, मीटर म्हणतंय. दर रविवारी तुमच्याकडे काहीच चालू नसतं. जागा बंद आहे का, विचारतंय. मी आपलं 'नाही' कळवून टाकू का?"

मुलाचा फोन त्या रविवारीही आला नव्हता. कंडक्टरने कुलूप ओढून पाहिलं.

"होय म्हणून कळवा," तो म्हणाला. "साफ बंद आहे."

तो एक मजला चढला. गाडी सोडताना द्यायचा तशी त्याने सिस्टरच्या दारावर दोनदा घंटी दिली. आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सिस्टरचा, "दार उघडंच आहे! पुढे सरका, पुढे, जागा आहे!"