दुसऱ्या नंबरवरचं गाणं

सातपर्यंत मोजल्याशिवाय नंदूभाऊ कुठलीही मोटार दुकानात घेत नाहीत. शेतकरी पंपाची जळालेली मोटार खाली उतरवतो, घाम पुसतो आणि सांगायला लागतो, "भाऊ, काल पाणी देऊन राह्यलो होतो, अन एकदमच..." तोवर नंदूभाऊंनी पान्ह्याने मोटारीच्या अंगावर ठोके द्यायला सुरुवात केलेली असते. एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन. सात झाले की मान हलवतात आणि म्हणतात, "हां, बोल आता." शेतकऱ्याला वाटतं, ही तपासणी आहे. तपासणी वगैरे काही नसते.

आमच्या वाशीमच्या मालेगावात नंदूभाऊंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं दुकान, दोन्हींच्या मधे एक पत्रा आहे. बारा वर्षं मी त्या पत्र्यातून हे सात ठोके ऐकते आहे. आता मला कोणी आठ मोजायला सांगितले तर मी अडखळते.

या साताचं मूळ अमरावतीच्या पॉलिटेक्निकच्या होस्टेलात आहे. तिथे कोणीतरी एक कॅसेट सोडून गेला होता. 'कॉपर लँटर्न' नावाचा बंगलोरकडचा ब्यांड. वीस-वीस मिनिटांची गाणी, शब्द थोडे, वाजवणं फार, आणि ताल मधेच सात मात्रांवर असा बदलायचा की ऐकणाऱ्याने कुठे धरावं कळू नये. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे मला नंदूभाऊंनीच सांगितलं. गाव मात्र त्यांना 'कंदीलवाले' म्हणतं. "काय नंदूभाऊ, कंदीलवाले काय म्हणतात?" असं कोणी विचारलं की भाऊ खरंच सांगायला बसतात.

बसतात म्हणजे काय, उभ्यानेच. हा माणूस एका जागी ठरत नाही. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता उठेल, रस्त्यावर जाऊन वरखाली पाहील, परत येईल, चहा सांगेल, आणि चहा येईस्तोवर समोरच्या टायरवाल्याकडे गेलेला असेल. सुशीलावहिनी म्हणतात, "जेवता जेवता दोन डाव अंगणात जाऊन येतात. पोळी थंडी होते, पण हा माणूस काई थंडा होत नाई."

पुतणीच्या लग्नात त्यांनी वरातीच्या बँडवाल्यांना चार दिवस आधीपासून दुकानात बोलावून सातचा ताल शिकवला. बँडवाले कलाकार माणसं, त्यांनी तो बसवलाही. पण वरात निघाली आणि नाचणाऱ्या सगळ्यांचा एक पाय हवेतच राहायला लागला. नवरदेवाचे मामा दोनदा पडले. तिसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी विचारलं, "हे कोन बसवलं?" तेव्हा नंदूभाऊ मंडपामागे आचाऱ्याला कांदे चिरू लागत होते.

दर रविवारी दुपारी किन्हीराजाहून इरफानभाई येतात. होस्टेलातले त्यांचे रूम पार्टनर. किन्हीराजात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. सुट्टीच्या दिवशीही त्यांच्या गळ्यात टेप असतो. माणूस शांत, बारीक, कापड कापावं तसं मोजून बोलणारा. ते आले की पत्र्यापलीकडे कार्यक्रमांच्या आठवणी सुरू होतात, आणि मी झेरॉक्सचं मशीन मुद्दाम बंद ठेवते.

दोघांनी मिळून हा ब्यांड सात-आठ वेळा पाहिला. पुण्यात नंदूभाऊंची चुळबुळ पाहून मागच्या रांगेने तक्रार केली, आणि त्यांना नेऊन थेट स्पीकरला खेटून उभं केलं. "तिथूनच बेस्ट आयकू आलं," भाऊ म्हणतात, "डावा कान आठ दिवस बंद होता, पण आयकू आलं." हैदराबादेत मधेच जनरेटर बंद पडला. भाऊंनी आवाजावरूनच ओळखलं, "कार्बन गेला याचा," आणि ते सरळ स्टेजमागे घुसले. पोलिसाने कॉलर धरून बाहेर काढलं. "पण कार्बनच गेला होता," इरफानभाई दर वेळी साक्ष देतात. "म्या सोता विचारलं मंग."

या सगळ्यावर दोघांचं एकमत. भांडण फक्त नागपूरवरून. आणि गंमत अशी की नागपूरच्या कार्यक्रमाला इरफानभाई गेलेच नव्हते.

"दुसऱ्या नंबरवर तेवीस मिनिटाचं घेतलं त्यायनं," नंदूभाऊ म्हणायचे.

"दुसऱ्या नंबरवर तेवीस मिनिटाचं कोनी घेते काय? शेवटी घेतलं असंन."

"अबे, तू होता का मी होतो?"

"मी नोयतो म्हनून काय झालं? मले अक्कल तं आहे ना!"

तीस-पस्तीस वर्षं हे चाललेलं. आवाज चढायचे, पान्हा आपटायचा, टायरवाला दुकानातून बाहेर येऊन पाहायचा. मग इरफानभाई शांतपणे उठायचे, "पुढच्या रविवारी बोलू" म्हणायचे आणि बसस्टँडकडे निघायचे.

गेल्या महिन्यात अमरावतीहून एक प्राध्यापक बाई आल्या. कंदीलवाल्यांच्या जुन्या चाहत्यांच्या आठवणी गोळा करून पुस्तक काढायचं त्यांच्या मनात होतं. आठवडाभर आधी फोन आला, आणि त्या आठवड्यात नंदूभाऊंनी एकही मोटार सरळ गुंडाळली नाही. तारेचे वेढे मोजताना विसरायचे, उकलायचे, परत सुरू करायचे. दिवसातून दहादा माझ्याकडे येऊन विचारायचे, "वैशूताई, रविवारीच येनार म्हने ना त्या?"

बाई आल्या तेव्हा इरफानभाईंची बस यायची होती. नंदूभाऊंनी मलाही बोलावलं. पुणं सांगितलं, हैदराबाद सांगितलं. बाई हसत हसत लिहून घेत होत्या. मग ते नागपूरवर आले. दुसऱ्या नंबरवरचं तेवीस मिनिटांचं गाणं, ड्रमवाल्याची उडालेली काडी, लोकांनी धरलेला ठेका. बाईंचं लिहिणं थांबलं.

"नंदूभाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "मी कॉलेजात होते तेव्हा. नागपूरला गेले होते. गेटवरच उभे होतो आम्ही. वावटळीनं स्टेजचा मांडव उडाला आणि कार्यक्रम रद्द झाला. एकही गाणं झालं नाही."

मला वाटलं, भाऊ आता उसळतील. पण नंदूभाऊ खाली बसले. बारा वर्षांत मी त्यांना दुकानातल्या स्टुलावर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"मालूम आहे मले," ते म्हणाले.

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. दोघांची तिकिटं काढलेली होती. दोन दिवस आधी इरफानचे अब्बा आजारी पडले, अकोल्याला दवाखान्यात नेलं. इरफान म्हणाला, तू जा, एकानं तरी आयकावं, येऊन मले सांग. मन नव्हतं, तरी भाऊ गेले. तिथे हे असं झालं. परत आले तर अब्बा गेलेले, माती झालेली.

"होस्टेलात मी तापानं फनफनलो होतो तवा अब्बा किन्हीराजाहून डबा घेऊन आले होते, बाई. आपल्या हातानं जेवू घातलं मले. अन त्यायच्या मातीले मी नाई. कुठं होतो? तं गाने आयकाले गेलो होतो. ते बी झाले नाई."

चौथ्या दिवशी ते किन्हीराजाला गेले. इरफान भिंतीला टेकून बसलेला, जेवत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता. भाऊंना पाहून एवढंच म्हणाला, कसा झाला?

"काय सांगतो मी? कायसाठी गेलो होतो म्हनून सांगतो? मनानंच जुळवत गेलो. पह्यलं हे गानं, दुसरं ते गानं. तं तो एकदम म्हने, दुसऱ्या नंबरवर ते कसं काय? म्हटलं, चला, बोलला." भाऊंनी हातातली तार बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "इरफानसमोर काढू नका हे, बाई. पाया पडतो."

तेवढ्यात इरफानभाई आले. बाईंनी नमस्कार केला, वही उघडली. दहा मिनिटांत दोघं नागपूरवर होते. "शेवटी घेतलं असंन!" "अबे, तू होता का?" बाई मान खाली घालून लिहीत राहिल्या. काय लिहीत होत्या देव जाणे.

संध्याकाळी बाईंना आणि इरफानभाईंना बसस्टँडवर सोडायला मीच गेले. भाऊंना एका गिऱ्हाइकाने अडवून धरलं होतं. बस लागलेली नव्हती. इरफानभाईंनी गळ्यातला टेप काढून बोटाभोवती गुंडाळला आणि म्हणाले, "मॅडम, एक रिक्वेस्ट आहे. नागपूरचं किताबीत नका टाकू."

"का हो?"

"झालाच नोयता तो प्रोग्राम. पेपरात आलं होतं. नंदू आला त्याच्या आधीच म्या वाचलं होतं."

बाईंनी हातातली वही मिटली.

"तरी म्या विचारलं, कसा झाला. वाटलं, सांगन, झाला नाई म्हनून. तं हा घामाघूम होऊन गाने रचून राह्यला माह्यासाठी." इरफानभाई हसले. "अब्बा गेल्यापासून डोळ्यात पानी नोयतं आलं माह्या. ते त्या टायमाले आलं. पन त्याले दिसू द्याचं नोयतं, म्हनून भांडन काढलं. दुसरा रविवार आला, हा पुन्हा हजर. म्हने, दुसऱ्या नंबरवरच होतं. मंग मीबी सोडलं नाई. त्याले नका सांगजा, मॅडम. त्याले लय लागंन."

बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि "धूळ फार आहे इथं" असं काहीतरी म्हणाल्या. किन्हीराजाची बस लागली. इरफानभाई चढले, खिडकीपाशी बसले आणि टेप पुन्हा गळ्यात घातला.

मी परत आले तेव्हा नंदूभाऊ रस्त्यावरच उभे होते. दुकान उघडं, गिऱ्हाईक आत, आणि हे बाहेर येरझारा घालत.

"वैशूताई, इरफान काय म्हनत होता बसस्टँडवर?"



"म्हणत होते, तुमचंच चुकते. शेवटीच घेतलं असंन."

नंदूभाऊंनी एवढा मोठा श्वास सोडला की समोरच्या टायरवाल्याने मान वर केली.

"येऊ दे त्याले रविवारी," ते म्हणाले, "पाह्यतोच मंग."